निषेध : एका शब्दाची साक्ष

(ब्राउनश्वाइग, जर्मनी येथून ध्वनिमुद्रित करून पाठवलेले हे व्याख्यान एलूल महिन्यात शब्बाथनंतरच्या सभेत ऐकवण्यात आले.)



गेल्या आठवड्यात माझ्या नातवाला शाळेतून एक गृहपाठ मिळाला. वर्गात अनेक देशांची मुले आहेत. प्रत्येकाने ‘प्रोटेस्ट’ या शब्दाला आपल्या घरच्या भाषेत काय म्हणतात ते विचारून यायचे होते. तो माझ्याकडे आला आणि मी चटकन सांगितले, “निषेध.” त्याने वहीत लिहून घेतले आणि विचारले, “आजी, म्हणजे नक्की काय?” मी म्हटले, “एखादी गोष्ट आपल्याला मान्य नाही असे सांगणे.” तो म्हणाला, “मग ‘मला आवडत नाही’ म्हटले तर तोही निषेधच का?”

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. पुढे काही दिवस मी त्यावर विचार केला, कोश उघडले, जुन्या आठवणी काढल्या. आज आपल्यापुढे ठेवते आहे ते त्या प्रश्नाचे उत्तर आहे. मी भाषापंडित नाही, परिचारिका होते. तेव्हा शब्दाकडे पाहण्याची माझी रीत रुग्णाकडे पाहण्याचीच आहे : तो कोठून आला, त्याला काय होते आहे, आणि आता त्याच्यासाठी काय करावयाचे.

निषेध हा शब्द संस्कृतातून आला. ‘सिध्’ या धातूचा एक अर्थ जाणे किंवा हाकणे. त्याला ‘नि’ हा उपसर्ग लागला म्हणजे मागे हाकणे, वारणे, मनाई करणे असा अर्थ होतो, आणि ‘नि’मधील इकारामुळे ‘स’चा ‘ष’ होतो. ‘निषिद्ध’ हा शब्द त्याच घरचा. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी कोश प्रथम १८३१ साली निघाला व १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्यात निषेधाचा अर्थ मनाई, नकार असा आहे. शास्त्रग्रंथांत ‘विधि-निषेध’ ही जोडी येते : अमुक करावे हा विधी, तमुक करू नये हा निषेध. आपल्याला ही जोडी परकी वाटू नये. तोरेतील आज्ञा ६१३ मानल्या जातात, त्यांतील २४८ ‘कर’ म्हणणाऱ्या आणि ३६५ ‘करू नको’ म्हणणाऱ्या. म्हणजे आपल्या पदरी २४८ विधी आणि ३६५ निषेध आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या जुन्या अर्थाने निषेध करणारा नेहमी अधिकारी असतो. शास्त्र निषेध करते, राजा निषेध करतो, बाप मुलाला निषेध करतो. थांबवण्याची सत्ता ज्याच्या हाती, निषेध त्याचा.

पुढे सभा, वृत्तपत्रे आणि ठराव यांचा काळ आला आणि हा शब्द दुसऱ्या माणसांच्या तोंडी गेला. ‘निषेधाचा ठराव’, ‘जाहीर निषेध’, ‘निषेध असो’, दंडाला काळ्या फिती. आता निषेध करतो तो गिरणीतला कामगार, विद्यार्थी, शिक्षक, परिचारिका. यांच्यापाशी थांबवण्याची सत्ता नसते. सत्ता असती तर त्यांनी ती गोष्ट थांबवलीच असती, ठराव कशाला केला असता? मनाई करणाऱ्याचा शब्द मनाई करू न शकणाऱ्याने उचलला, ही या शब्दाच्या प्रवासातील सर्वांत मोठी घटना आहे असे मला वाटते. मग प्रश्न उरतो : ज्याला थांबवता येत नाही, त्याच्या निषेधाने होते तरी काय?

उत्तराकडे जाण्यापूर्वी निषेधाच्या दोन शेजाऱ्यांची ओळख करून घेऊ. पहिला धिक्कार. ‘धिक्’ हा तिरस्काराचा उद्गार आहे, आणि तो उद्गार काढणे म्हणजे धिक्कार, जसे नमः म्हणणे म्हणजे नमस्कार. जर्मन माणूस ‘प्फुइ’ म्हणतो, आपण ‘थू’ म्हणतो. धिक्कार माणसावर जाऊन पडतो, निषेध त्याच्या कृत्यापाशी थांबतो. वयिक्राच्या १९ व्या अध्यायात आज्ञा आहे की शेजाऱ्याचा मनात द्वेष धरू नये, त्याला त्याची चूक सांगावी आणि त्याच्यापायी आपल्या माथी पाप घेऊ नये. परंतु आपल्या गुरूंनी याच आज्ञेला मर्यादा घातली : चूक सांगा, पण चारचौघांत त्याचा चेहरा उतरवू नका. म्हणजे निषेधाची आज्ञा आहे, धिक्काराची नाही.

दुसरा शेजारी ‘हरकत’. हा अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. मराठीत त्याचा अर्थ अडथळा, आक्षेप असा झाला. आपण दिवसातून दहा वेळा ‘हरकत नाही’ म्हणतो. मूळ अर्थाने पाहिले तर त्याचा अर्थ होतो, ‘माझ्याकडून काही हालचाल नाही’. हे दोन शब्द मी आयुष्यात फार सहज उच्चारले. त्याबद्दल पुढे सांगते.

आता नातवाचा मूळ शब्द, ‘प्रोटेस्ट’. तो लॅटिनमधून आला आहे. त्यात ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार दडलेला आहे. प्रोटेस्ट म्हणजे उघडपणे साक्ष देणे. १५२९ सालच्या एप्रिलमध्ये श्पायर येथील राजसभेत बहुमताचा निर्णय मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांच्या विरुद्ध गेला, तेव्हा अल्पमतातील राजांनी व नगरांनी आपली असंमती लेखी नोंदवली. त्यांत ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्ग घराण्याचे ड्यूक एर्न्स्ट आणि फ्रान्झ होते. त्या लेखी असंमतीवरूनच त्या पंथाला प्रोटेस्टंट हे नाव पडले. बहुमत त्यांना उलटवता आले नाही. आपण त्यात नव्हतो, एवढी साक्ष मात्र त्यांनी ठेवली.

मी ज्या शहरातून बोलते आहे त्याच्या इतिहासात या शब्दाची दोन्ही टोके दिसतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जर्मन मुलखांत प्रवास करणाऱ्या यहुद्याला वेशीवर स्वतःच्या देहाची जकात भरावी लागे, जशी गुराढोरांवर भरत तशी. तिला ‘लाइबत्सोल’ म्हणत. इस्राएल याकोबसन हे ब्राउनश्वाइगच्या ड्यूक कार्ल विल्हेल्म फर्डिनांड यांचे यहुदी अर्थव्यवहार पाहणारे गृहस्थ. १८०१ साली त्यांनी जवळच्या झेझेन गावी मुलांची शाळा काढली. त्यांनी या जकातीविरुद्ध सतत प्रयत्न केले आणि १८०३ साली या राज्यातून ती रद्द झाली. ऐकणारा कान होता आणि सांगणारे तोंडही होते.

दुसरे टोक आमच्या घरापासून लांब नाही. जुन्या शहरात आल्टे क्नोखेनहाउअर श्ट्रासे नावाचा रस्ता आहे. तेथे १८७५ साली कोन्स्टान्टिन ऊडे या वास्तुशिल्पज्ञाने बांधलेले भव्य सिनेगॉग उभे राहिले. आज त्या जागी काँक्रीटचा बंकर आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉगची आतून नासधूस झाली, १९४० साली ते पाडले आणि हवाई हल्ल्यांपासून आसरा म्हणून तो बंकर बांधला. मी त्या भिंतीसमोर उभी राहते तेव्हा माझ्या मनात १९३८ च्या आधी १९३३ येते. ११ मार्च १९३३, शनिवार, आपला शब्बाथ. त्या दिवशी हिटलरच्या पक्षाच्या माणसांनी या शहरातील यहुद्यांच्या मोठ्या दुकानांच्या काचा फोडल्या. देशभरचा १ एप्रिलचा बहिष्कार त्यानंतर तीन आठवड्यांनी आला, तोही शनिवारीच. तेव्हा शहराची वस्ती दीड लाखाच्या आसपास होती. विरोध करणारे होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. कामगार चळवळीतील काही माणसांना त्याच वर्षीच्या जुलैत जवळच्या रीझेबेर्ग येथे नेऊन ठार मारण्यात आले. निषेधाची किंमत पुढे केवढी झाली ते यावरून कळते. आणि म्हणूनच, किंमत लहान असते त्या दिवसांत काय बोलले गेले आणि काय नाही, याला महत्त्व आहे.

आपल्या गुरूंना हे ठाऊक होते. हिब्रूत निषेधाला ‘मेहाआ’ म्हणतात. तलमूदात हा न्यायव्यवहाराचा शब्द आहे. कोणी तुमच्या जमिनीवर तीन वर्षे राहिला, ती आपलीच आहे असे म्हणत राहिला, आणि तुम्ही काही बोलला नाहीत, तर कागद दाखवण्याचे ओझे त्याच्यावर उरत नाही. तुमचे मौन त्याच्या बाजूने साक्ष देते. हे टाळायचे तर दोन साक्षीदारांपुढे ‘ती जमीन माझी आहे, तो ती बळकावून बसला आहे’ एवढे सांगावे. त्याच्या तोंडावर सांगावेच असे नाही, त्याला हुसकून लावलेच पाहिजे असेही नाही. फक्त मौन मोडायला हवे. मघाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. निषेधाने दर वेळी अन्याय थांबत नाही. परंतु आपले गप्प राहणे अन्यायाच्या खात्यावर संमती म्हणून जमा होते, ते मात्र निषेधाने थांबते.

तलमूदातील शब्बाथ या भागात एका गाईची हकिगत आहे. रब्बी एलाझार बेन अझार्या यांची गाय शब्बाथच्या दिवशी शिंगांमध्ये पट्टा बांधून बाहेर फिरे, आणि ते विद्वानांना मान्य नव्हते. पुढे प्रश्न निघतो : रब्बी इतके श्रीमंत, त्यांच्या गाई किती तरी, मग एकच गाय कशी? उत्तर असे की ती त्यांची नव्हतीच. ती शेजारणीची होती. त्यांनी तिला हरकत घेतली नाही, म्हणून ती त्यांच्या नावावर लागली. त्याच ठिकाणी पुढे सांगितले आहे की ज्याला आपल्या घरच्यांना अडवता येते व तो अडवत नाही, तो घरच्यांच्या दोषाचा धनी. तसेच आपल्या नगराचे, तसेच अवघ्या जगाचे. क्रम पाहावा. आधी घर, मग नगर, मग जग.

आता आपल्या घराकडे येते.

१९६४ साली मी चौदा वर्षांची होते. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना तो काळ आठवत असेल. इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत तेथील मुख्य रब्बीपीठाने १९६२ साली सूचना काढल्या होत्या : बेने इस्राएल वधूवरांची आई, आजी, मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके शब्बाथ पाळणाऱ्या, शेमा म्हणणाऱ्या लोकांना ‘तुम्ही आमच्यापैकीच कशावरून?’ असे विचारले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी जेरूसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेत खास चर्चा झाली, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे सरकारने स्पष्ट केले, आणि महिनाअखेर त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव काढले गेले. आपल्या इतिहासातील हा निषेध सफल झाला आणि त्याचा मला अभिमान आहे.

आम्ही तेव्हा डोंगरीला चाळीत राहत असू. घरात रोज तीच चर्चा. माझे वडील निषेधसभेला जाऊन आले आणि तेथील भाषणे त्यांनी आम्हाला ऐकवली. निषेध हा शब्द मी जाणतेपणी प्रथम त्या संध्याकाळी ऐकला. माझी आजी संतापाने थरथरत होती. “आमच्या रक्ताची चौकशी करणारे हे कोण?” असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तेवढ्यात शिवणाचे कपडे घेऊन एक बाई दाराशी आल्या. आम्ही मुले त्यांना मावशी म्हणत असू. त्या आपल्यातल्याच, बेने इस्राएलच, परंतु ज्यांना आपल्याकडे ‘काळे इस्राएल’ म्हणत त्या घरातल्या. हे शब्द आता कोणी उच्चारत नाही, आणि ते बरेच आहे. पण ते होते. कुण्या पूर्वजाची आई यहुदी नव्हती असे म्हणायचे, आणि त्यावरून पुढच्या साऱ्या पिढ्यांना सोयरिकीबाहेर ठेवायचे, प्रार्थनेच्या जागी मागे बसवायचे. आजीने मावशींना प्रेमाने आत बोलावले, चहा केला, आणि कोनाड्यातला एक कान तुटलेला कप काढून त्यात ओतला. तो कप त्यांचाच होता. आमच्या कपांत तो कधी मिसळत नसे. मावशींनी उंबऱ्याशी बसून चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि जागेवर ठेवला. मग त्याही आमच्यासारख्याच त्या रब्बींवर रागावून बोलल्या.

मी ते पाहिले. माझ्या वडिलांनीही पाहिले असावे, कारण ते एकदम बोलायचे थांबले. कोणीच काही म्हणाले नाही. मी आजीची लाडकी होते. “आजी, त्यांना आपल्या कपात दे,” एवढे मी म्हटले असते तर आजी फार तर रागावली असती. मी नाही म्हटले. त्या दिवशी नाही आणि पुढची कित्येक वर्षे नाही. मावशी गेल्या, आजी गेली. ती गाय माझ्या नावावर लागली.

परिचारिकेचे शिक्षण घेताना आम्हाला शिकवले होते की जे कागदावर नाही ते झालेच नाही असे समजावे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री वॉर्डात एका गरीब वृद्धाकडे कित्येक तास कोणी पाहिले नव्हते. सकाळी वरिष्ठांनी मला सांगितले, “रुग्णाने उपचारास नकार दिला, असे लिही.” माझ्या तोंडून सवयीने निघाले, “हरकत नाही.” मी लेखणी उचलली, आणि मला तो कान तुटलेला कप दिसला. यात काही चमत्कार नाही. मनाला टोचणारी गोष्ट वेळी-अवेळी आठवतेच. मी जे पाहिले तेच, वेळेसह लिहिले आणि खाली सही केली. माझा आवाज चढला नाही, मी कोणाचा अपमान केला नाही. पुढच्या महिन्यात माझी दुसऱ्या विभागात बदली झाली, आणि सहा महिने माझ्याशी फारसे कोणी बोलले नाही. मला यात शौर्य दिसत नाही. फक्त त्या दिवसापासून ‘निषेध नोंदवणे’ या शब्दांतले ‘नोंदवणे’ मला कळले.

आता नातवाला मी उत्तर दिले आहे. ‘मला आवडत नाही’ ही माझ्या मनाची स्थिती. ती मनात राहिली तरी खरीच असते. निषेध मात्र मनात राहू शकत नाही. तो कोणापुढे तरी, कशाबद्दल तरी, आपल्या नावानिशी करावा लागतो. त्याने वहीत तीन ओळी लिहिल्या आणि म्हणाला, “पण आजी, आधी घरात करायचा, हे बाईंना सांगू का?” मी म्हटले, “सांग.”

या शहरात २००६ साली श्टाइनश्ट्रासेवर नवे सिनेगॉग झाले. तेथे येणारी बहुतेक कुटुंबे जुन्या सोव्हिएत देशांतून आलेली आहेत. त्यांची रशियन मला येत नाही, माझी मराठी त्यांना येत नाही, हिब्रू मात्र दोघांची एकच. पहिल्या दिवशी एका वृद्ध बाईंनी मला काही न विचारता आपल्या शेजारी बसवून घेतले आणि किद्दूशनंतर स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. सगळ्यांना होते तसेच पेले होते. मला मावशींची आठवण झाली आणि बराच वेळ चहा पिता आला नाही.

आपल्या पूर्वजांनी योम किप्पुरला ‘दरफाळणीचा सण’ असे नाव दिले, म्हणजे दारे लावून घेण्याचा दिवस. त्या दिवशीच्या कबुल्या आपण ‘मी’ म्हणून देत नाही, ‘आम्ही’ म्हणून देतो. दारे लागण्यास आता थोडेच दिवस उरले आहेत. ज्यांची क्षमा मागायची त्यांची यादी आपण सारे करतो. यंदा त्या यादीखाली आणखी एक ओळ लिहावी अशी माझी विनंती आहे : आपल्याच घरात, आपल्याच समाजात, कोठे आपण ‘हरकत नाही’ म्हणून गप्प बसलो. ज्यांच्यापाशी ते बोलायचे ती माणसे हयात असतील तर जाऊन बोलावे. माझी राहिली नाहीत. म्हणून मी हे आपल्यापुढे बोलले. दोन साक्षीदार पुरतात असे गुरू सांगतात, आणि आपण तर पुष्कळजण आहात.

देव आपणां सर्वांना जीवनाच्या पुस्तकात लिहो. आमेन.